वळणातली तीन बोटं

चेंडू आता खाली यायला हवा होता.

नोंदकक्षाच्या काचेला जवळजवळ नाक लावून इरावती ढोबळे त्याच्याकडे बघत होती. ओजस बिडवेने तो फटकावल्याबरोबर यंत्रणेने त्याचा पतनबिंदू, म्हणजे तो कुठे पडणार ती जागा, पडद्यावर दाखवली होती. कुंपणाच्या अलीकडे, सात-आठ पावलांवर. क्षेत्ररक्षक बरोबर त्याच जागी पोचला होता आणि हातमोजा वर धरून निवांत उभा होता. चेंडू आला, त्याच्या मोज्यावरून सरळ पुढे गेला आणि कुंपणापलीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला.

होमरन. सामना संपला. सगळं मैदान उभं राहून ओरडत होतं.

मैदानाच्या मधोमध, मातीच्या उंचवट्यावर नसीमा तडवी उभी होती. तिनेच तो चेंडू टाकला होता. तिने टोपी काढली, डावा हात उजव्या मनगटाभोवती घट्ट धरला आणि मान खाली न घालता बाहेर चालू लागली.

हे भुयारगाव. चंद्रावरच्या वादळसागराच्या काठी, जमिनीखाली, कोणे एके काळी लाव्हा वाहून गेला आणि मागे डोंगर मावेल एवढी लांबलचक पोकळी राहिली. तिची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि बारा हजार माणसांनी संसार थाटला. विरंगुळा म्हणून त्यांनी आधी क्रिकेट करून पाहिलं होतं. पण टप्पा पडलेला चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून दोन पुरुष उंच उडायचा आणि सामन्यापेक्षा हसणंच जास्त व्हायचं. बेसबॉलमध्ये टप्पाच नसतो. पिचर चेंडू थेट हवेतून टाकतो, फलंदाज तो हवेतच टोलवतो. म्हणून चंद्रावर बेसबॉल रुजला, आणि पुढे तिथे व्यावसायिक साखळी सामने सुरू झाले.

मात्र तो पृथ्वीवरचा बेसबॉल राहिला नव्हता. चंद्राचं गुरुत्व एक षष्ठांश. नुसत्या त्याच्या भरवशावर राहिलं तर टोलवलेला चेंडू पार पलीकडच्या खडकावर जाऊन आपटला असता. म्हणून इथला चेंडू हलका आणि मुद्दाम जाड, खरबरीत शिवणीचा केला होता. त्याला थोपवायचं काम हवा करायची. त्याला वळवायचं कामही हवाच करायची. पीळ देऊन टाकलेला वळणचेंडू इथे फलंदाजापर्यंत पोचेतो दीड हात बाजूला सरकायचा. अशा खेळात दंडाच्या जोरापेक्षा बोटांतला पीळ मोलाचा. पुरुष आणि बायका एकाच संघात खेळत, आणि गेली अकरा वर्षं यावलच्या नसीमा तडवीइतका वळणचेंडू कोणाचाच वळत नव्हता.

इरावती या साखळीची मुख्य नोंदकार. तिच्या यंत्रणेचं नाव क्षणनोंद. एका सामन्याच्या दोन लाखांवर नोंदी होत: चेंडू कुठून सुटला, किती वेगाने, किती वळला, बॅटला कुठे लागला, कोण कुठल्या क्षणी कुठल्या पायावर होता. पृथ्वीवर लाखो लोक सामना न बघता नुसती ही नोंद वाचत, आणि बघणाऱ्यांपेक्षा जास्त बारकाईने भांडत. इरावतीला त्यात काही नवल वाटत नसे. चांगल्या नोंदीत माणूस दिसतो, असं तिचं ठाम मत होतं. थकलेला, घाबरलेला, अंगात आल्यासारखा खेळणारा, सगळा दिसतो.

नसीमाच्या संघाचे व्यवस्थापक हेमंत साबडे त्याच संध्याकाळी तिच्याकडे आले. चांगला गृहस्थ, पण हरल्यावर जरा घाईला यायचा.

"नसीमाचे हंगामाचे आकडे काढून ठेवा मॅडम. करार वाढवायचा की नाही ते ठरवायचंय."

"तिचं वळण तसूभरही कमी झालेलं नाही, साबडे."

"वळण ठीक आहे हो. पण पूर्वी सामन्याचे नऊही डाव टाकायची. आता पाचव्या डावानंतर मनगट धरून बसते. वय छत्तीस. आणि आज बघितलंत ना? त्या पोराने तिचा चेंडू कुठच्या कुठे भिरकावला."

"तो चेंडू कुंपणाच्या आत पडायला हवा होता."

"हवा होता," साबडे म्हणाले, "पण पडला नाही. मला तुमच्या पतनबिंदूवर करार करता येत नाही."

ते गेले. इरावती मात्र त्या वाक्यावर अडून बसली. पतनबिंदू चुकला कसा? या हंगामात तो वरचेवर चुकत होता आणि दर वेळी एकाच दिशेला चुकत होता. चेंडू अपेक्षेपेक्षा लांब जायचा, कधीही जवळ पडायचा नाही. लोक म्हणत, फलंदाजांचं सुवर्णयुग आलंय. ओजसने एका हंगामात सत्तेचाळीस होमरन मारून जुना विक्रम मोडला होता आणि भुयारगावातल्या निम्म्या भिंतींवर त्याचं चित्र होतं.

तिने फलंदाज बाजूला ठेवले आणि पिचरांच्या नोंदी काढल्या. साखळीत बत्तीस पिचर. एकतीस जणांचं वळण हंगामाच्या सुरुवातीपासून हळूहळू कमी होत गेलं होतं. विशीतल्यांचं आणि तिशीतल्यांचं, डावखुऱ्यांचं आणि उजव्यांचं, सगळ्यांचं सारखंच. दीड हाताच्या वळणातली तीन बोटं गेली होती. इतकी सावकाश, की कुणा एकाच्या तक्त्यात ते 'फॉर्म गेला' एवढंच दिसावं.

एकतीस माणसांचा फॉर्म एकाच वेळी, एकाच मापाने जात नाही. इरावतीने चेंडू तपासून घेतले. वजन, घेर, शिवणीची उंची, सगळं नियमात. मग उरली एकच गोष्ट.

हवाघराचे प्रमुख डॉ. उमाकांत वायकूळ तिला आपल्या नियंत्रणकक्षात घेऊन गेले. बोलायला तुटक, कामात चोख माणूस. वीस वर्षं भुयारगाव त्यांच्याच हवेवर श्वास घेत होतं आणि एकदाही कुणाला धाप लागली नव्हती.

"हवा पातळ झालीय असं तुमचं म्हणणं," त्यांनी तिचे तक्ते खाली ठेवत विचारलं.

"आठ टक्क्यांनी. चेंडू लांब जातो आणि कमी वळतो. दोन्ही गोष्टींना एकच कारण पुरतं."

"हा बघा दाब. वर्षभराची रेषा. सरळ. हे तापमान, हेही सरळ. हा ऑक्सिजन, शेकडा एकवीस, केसभरही हललेला नाही. दाब तोच, तापमान तेच, तर हवा पातळ होईलच कशी?"

"आणि नायट्रोजन?"

"तो उरतो."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑक्सिजन आम्ही सतत मोजतो, कारण त्यावर माणसं जगतात. कार्बन डायऑक्साइड मोजतो, विषारी वायू मोजतो, हायड्रोजन मोजतो, कारण त्यांनी माणसं मरतात. नायट्रोजनने यातलं काहीच होत नाही. दाब कमी पडला तर यंत्र थोडा नायट्रोजन सोडतं, बस्स. एकूणातून बाकी सगळं वजा केलं की जे उरतं ते नायट्रोजन."

इरावती काही बोलणार, तेवढ्यात वायकुळांनी तिच्याच एका तक्त्यावर बोट ठेवलं.

"आणि हे काय आहे? बत्तिसावी पिचर. हिचं वळण जसंच्या तसं आहे."

"ती नसीमा तडवी."

"ती वेगळ्या हवेत खेळते का?"

इरावतीने ती ओळ बोटाने पुन्हा तपासली. आकडे तेच होते.

"मॅडम, मी तुमची थट्टा करत नाही. तुम्ही एवढं काम करून आलात म्हणून मी अर्धा तास दिला. पण हवा बदलली तर ती सगळ्यांना बदलेल. एक जरी अपवाद निघाला तरी हवेचं कारण बाद. तुम्ही आकड्यांतल्या आहात, तुम्हाला मी हे सांगायला नको."

खरंच नको होतं. आक्षेप बिनतोड होता. परतताना इरावतीला नसीमाचा थोडा रागच आला. सगळं कसं जुळून आलं होतं, आणि नेमकी हीच आडवी आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नसीमाला भेटायला गेली. नसीमा उपचारकक्षात बर्फाच्या पिशवीत मनगट बुडवून बसली होती. हात बाहेर काढला तेव्हा तो कोपराच्या अलीकडेपर्यंत सुजलेला दिसला. मधल्या दोन बोटांची टोकं सोलवटली होती.

"अगं, हे काय करून घेतलंस?"

"काय करू ताई, चेंडू ऐकेना ना." नसीमाने पुन्हा हात बर्फात घातला. "हंगामाच्या सुरुवातीला वाटलं, आपलंच काही चुकतंय. वळता वळता मध्येच सोडून द्यायचा. शाळेत असताना केळीच्या बागेत सराव करायचे मी, आमच्या गावाकडे. दोन खांबांमधून चेंडू वळवून मागच्या खांबाला मारायचा. मारल्याशिवाय घरी जायचं नाही, हा आपला नेम. तीच खोड आहे. इथे तो खांबाला लागेना म्हटल्यावर मी पीळ वाढवला. पुढच्या सामन्यात आणखी वाढवावा लागला. मग आणखी."

"किती वाढवलास?"

"ते मला काय माहीत? वळला पाहिजे तेवढा वळेपर्यंत."

इरावतीने सोबत आणलेला तिचा तक्ता उघडला. मग सावकाश म्हणाली, "पण नोंदीत तुझी फिरकी तेवढीच आहे. मागच्या वर्षी होती तेवढीच."

"तुमची नोंद कशी काय मोजते फिरकी?"

प्रश्न साधा होता, आणि उत्तर देताना इरावतीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. क्षणनोंद फिरकी मोजतच नव्हती. चेंडू किती वळला ते मोजायची आणि त्यावरून फिरकी काढायची. वळण हे फिरकी आणि हवेची घनता या दोहोंच्या गुणाकारावर ठरतं. घनता कायम आहे असं धरलं, की वळणावरून फिरकी सरळ मिळते. हे समीकरण तिने स्वतः बसवलं होतं. हवाघरात काल तिला जी गोष्ट विचित्र वाटली होती, तीच ती दहा वर्षं करत आली होती. नायट्रोजन तिथे 'उरत' होता, इथे फिरकी.

हवा पातळ झाली असेल तर एकतीस जणांची फिरकी मुळीच कमी झालेली नव्हती; नोंद उगाच तसं सांगत होती. आणि नसीमाची फिरकी स्थिर नव्हती, ती वाढत गेली होती. हवा जेवढी पातळ होत गेली, बरोबर तेवढ्याच प्रमाणात.

"नसीमा, तुला तीन चेंडू टाकता येतील? फक्त तीन. दुखत असेल तर नाही म्हण."

"दुखतंय," नसीमा उठत म्हणाली. "चला."

सरावाच्या मैदानावर इरावतीने चेंडूवर काळ्या शाईने एक ठिपका काढला आणि शिवण-तपासणीसाठी वापरायचा अतिजलद कॅमेरा बाजूला लावला. नसीमाने तीन चेंडू टाकले. तिसऱ्याला तिच्या तोंडून हुंकार निघाला. मग दोघी चित्रफितीवर तो ठिपका किती वेळा वर येतो ते मोजत बसल्या. पुन्हा मोजलं. यंत्रणा जी फिरकी सांगत होती, त्यापेक्षा खरी फिरकी नऊ टक्क्यांनी जास्त होती.

आजवर कुणाही माणसाने, पृथ्वीवर किंवा चंद्रावर, हलक्या चेंडूला एवढा पीळ दिल्याची नोंद नव्हती. तो छत्तीस वर्षांच्या, सुजलेल्या हाताच्या बाईने दिला होता, आणि तिला वाटत होतं की आपण जेमतेम टिकून आहोत.

"बरं का ताई," नसीमा म्हणाली, "साबडेंना एवढं सांगा, मी ढिली पडले नव्हते."

वायकुळांनी या वेळी अर्धा तास मोजून दिला नाही. त्यांनी चित्रफीत दोनदा पाहिली, स्वतः आकडेमोड केली आणि खुर्ची मागे सारली.

"अपवाद नव्हताच म्हणायचा. तीच खरी मोजपट्टी होती." मग म्हणाले, "पण फिरकीवर मी वसाहतीला धोक्याचा इशारा देणार नाही. हवेचं वजन करू."

चंद्रावर निर्वात पोकळी दाराबाहेरच असते. पोलादाचा एक पोकळ गोळा बाहेर नेऊन त्यांनी पूर्ण रिकामा केला, झडप बंद केली, काट्यावर तोलला. मग आत आणून मैदानातली हवा नेहमीच्या दाबाला भरली आणि पुन्हा तोलला. दोन वजनांतला फरक, म्हणजे आतल्या हवेचं वजन, जेवढं असायला हवं त्यापेक्षा आठ टक्क्यांनी कमी भरलं.

वायकुळांनी काटा पुसला आणि परत तोललं. तेच.

"दाब तोच, ऑक्सिजन तोच, आणि वजन कमी," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हणजे नायट्रोजनच्या जागी त्याहून हलकं काहीतरी आलंय. हायड्रोजन असता तर भोंगे वाजले असते. वास नाही, विष नाही, जळत नाही..." ते एकदम थांबले. "माझी मुलगी बासरी शिकते. गेले काही महिने रोज घरी येऊन तक्रार करते, बासरी पेटीशी जुळत नाही म्हणून. चढी लागते. आम्ही दोन बासऱ्या बदलल्या."

"पेटी जुळते?"

"पेटीचा सूर धातूच्या पट्टीवर ठरतो. बासरीचा आतल्या हवेवर. हवा हलकी झाली की बासरी चढते. आपले आवाजही थोडे चढले असणार. सगळ्यांचेच चढले म्हणून कुणाला कळलं नाही." त्यांनी इरावतीकडे पाहिलं. "हीलियम आहे हे. आणि भुयारगावात हीलियम एकाच जागी असतं."

ती जागा खडकाच्या भिंतीपलीकडे होती. वसाहतीला वीज आणि ऊब देणारी संमीलन भट्टी तिथे होती. अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा काढणारी ही भट्टी अतिसंवाहक चुंबकांच्या कवेत पेटती राहते, आणि ते चुंबक द्रवरूप हीलियमच्या कडाक्याच्या थंडीतच काम करतात. वायकुळांनी भट्टीच्या अभियंत्यांना विचारलं, तुमचं हीलियम कमी होतंय का? हो, ते म्हणाले, खाणीचं उत्पादन घटलंय. चंद्रमातीतून पूर्वीइतका वायू निघत नाही. तुम्ही खाणीत जाऊन पाहिलंत का? नाही. साठा कमी भरतोय, म्हणजे खाणीतूनच कमी येत असणार.

खाणीतून पूर्वीइतकाच वायू येत होता. मधल्या खडकाला एक जुनी चीर होती, तिच्याशेजारून जाणाऱ्या नळीचा सांधा उकलला होता. हीलियम त्या चिरेतून महिनोन् महिने वसाहतीच्या हवेत झिरपत होतं. तो सांधा उघडून पाहिला तेव्हा अभियंत्यांना धोक्याचा खरा अंदाज आला. उकललेली फट आता लांबत चालली होती. चुंबकांच्या टाकीत फार थोडं हीलियम उरलं होतं. ते संपलं असतं तर चुंबक तापले असते आणि भट्टी विझली असती. चंद्रावरची रात्र चौदा दिवसांची असते, आणि ती तोंडावर आली होती.

सांधा बदलला गेला. पलीकडे भट्टी एकदाही मंदावली नाही. भुयारगावातल्या बहुतेकांना हे सगळं झाल्यावरच कळलं, तेही एका सार्वजनिक सभेत, जिथे वायकुळांनी फक्त दहा मिनिटं भाषण केलं आणि त्यातली पाच नसीमा तडवीबद्दल होती. हवेतलं हीलियम पातळ पडद्यांमधून गाळून परत टाकीत भरायला दोन हंगामांमधला जवळजवळ सगळा विश्रांतीचा काळ गेला. वायकुळांनी दरम्यान हवाघरात नायट्रोजनचं मापक बसवलं, आणि इरावतीने मैदानावर फिरकी मोजणारे कॅमेरे.

त्या काळात एकदा ओजस बिडवे नोंदकक्षात आला. तेवीस वर्षांचा, दारातून वाकून येणारा उंच मुलगा. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मॅडम, माझ्या सत्तेचाळीसमधले खरे किती?"

"सगळे खरे."

"तसं नाही. पूर्वीच्या हवेत किती गेले असते?"

इरावतीने हिशोब आधीच केला होता. न विचारता सांगायचं नाही, असंही ठरवलं होतं. "एकतीस."

ओजसने मान हलवली. "मग एकतीस लिहा. लोक आत्ताच बोलायला लागलेत. मला उष्टा विक्रम नको."

"बस जरा." ती म्हणाली. "तू सत्तेचाळीस वेळा चेंडू कुंपणाबाहेर मारलास. ते घडलंय. घडलेलं खोडायला मी इथे बसलेली नाही. तुझे आकडे राहतील, शेजारी एक नवा रकाना येईल, हवेचा. दर सामन्याची घनता. वाचणाऱ्याला अक्कल असेल तर तो दोन्ही वाचेल."

"आणि नसीमाताईंचा तो शेवटचा चेंडू? मी मारलेला?"

"जुन्या हवेत झेल होता. आणि त्या चेंडूची फिरकी तोवरच्या सगळ्या खेळाच्या इतिहासात सर्वांत जास्त होती."

ओजस हळूच हसला. "ती मला हाताला जाणवली होती मॅडम. बॅट झणझणली होती. मला वाटलं, मीच फार जोरात मारला."

साबडेंना हे सगळं समजलं. त्यांनी नसीमाच्या घरी जाऊन मोकळेपणाने माफी मागितली. पण करार काही वाढवला नाही. वैद्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: सूज उतरली आहे, हात बरा झाला आहे, पण तसा पीळ पुन्हा हंगामभर दिला तर मनगट कायमचं जाईल. म्हणून नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात तिने एक डाव टाकायचा, तोच तिचा निरोपाचा डाव, असं ठरलं. तोवर सरावात तिने फक्त हलके चेंडू टाकायचे.

त्या दिवशी मैदान खच्चून भरलं होतं. फलकावर धावांच्या शेजारी पहिल्यांदाच हवेची घनता झळकत होती. नेहमीची, पूर्वीची, जड हवा. वायकूळ मुलीला घेऊन आले होते. नसीमा उंचवट्यावर चढली तेव्हा लोक उभे राहिले, आणि समोर बॅट घेऊन आलेल्या ओजसने टोपीला हात लावला.

नसीमाने पहिला चेंडू टाकला. तिच्या बोटांना आता एकच पीळ माहीत होता, मागच्या हंगामात महिनोन् महिने कमावलेला.

चेंडू सरळ आला, आणि मग वळला. ओजसची बॅट मोकळ्या हवेतून फिरली. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण अकरा वर्षं नसीमाचे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मोज्याच्या कडेला तो लागला आणि मागे निघून गेला. कॅचरने मोज्याकडे पाहिलं, मग नसीमाकडे. तीन बोटं. चेंडू त्याच्या अंदाजापेक्षा तीन बोटं जास्त वळला होता.

नोंदकक्षात इरावती खुर्चीतून उठली. समीकरण तिचंच होतं. पातळ हवेत तेवढंच वळण मिळवायला फिरकी वाढवावी लागते. मग ती वाढलेली फिरकी जड हवेत परत आली तर काय होईल, हे त्याच समीकरणात, त्याच ओळीत लिहिलेलं होतं. तिने ते या बाजूने वाचूनच पाहिलं नव्हतं. कुणीच वाचलं नव्हतं.

दुसरा चेंडू. ओजस या वेळी थांबून, अंदाज घेऊन खेळला आणि तरीही चुकला. तिसराही चुकला, आणि तीन चुकले की फलंदाज बाद; तो स्वतःच मोठ्याने हसला, बॅट काखेत मारली आणि बाहेर जाताना उंचवट्याकडे वाकून नमस्कार केला. मैदानात एवढा गलका झाला की काचा थरथरल्या.

नसीमा मात्र आपल्या हाताकडे बघत होती. तिने मनगट एकदा फिरवलं. पुढच्या फलंदाजाला तिने चेंडू टाकला तो अगदी सहज, बोटांत फारसा जोर न लावता. तो पूर्वीच्या तिच्या चांगल्या दिवसांतल्यासारखा दीड हात वळला. तिच्या चेहऱ्यावर दुखल्याची रेघसुद्धा उमटली नाही. जो पीळ तिला मागच्या वर्षी जीव खाऊन द्यावा लागत होता, त्याच्यापुढे हा नेहमीचा पीळ आता तिला खेळ झाला होता. संघनायक तिच्याजवळ जाऊन विचारत होता, बहुधा आता थांबायचं का असं. तिने नकारार्थी मान हलवली आणि चेंडू पाठीमागे धरून ठेवला.

नोंदकक्षातला फोन वाजला. साबडे होते.

"मॅडम, यंत्र बिघडलंय का? ते तीन चेंडू..."

"यंत्र ठीक आहे."

"मग हे काय चाललंय?"

"खाली वैद्य तुमच्या शेजारीच बसलेत ना? त्यांना विचारा, असं अर्ध्या जोरात टाकत राहिली तर मनगटाला किती वर्षं धोका नाही. आणि कराराचा कागद फाडला नसेल तर जवळ ठेवा."

तिने फोन ठेवला. पडद्यावर तीन ओळी लाल झाल्या होत्या. वळणाचं मूल्य आजवरच्या सर्व नोंदींच्या कक्षेबाहेर, नोंद संशयास्पद, रद्द करावी का, असं यंत्रणा विचारत होती. इरावतीने फिरकीचा आकडा पाहिला, शेजारच्या रकान्यात हवा पाहिली. दोन्ही स्वच्छ होते. तिने तिन्ही ओळींपुढे 'मान्य' असं नोंदवलं आणि मान वर केली, कारण नसीमा पुढचा चेंडू टाकायला वळत होती.